सरांचा फायबरचा मेंदू

माझं लग्न ठरलं तेव्हा मध्यस्थानं सांगितलं होतं की मुलगा लातूरला काचेच्या धंद्यात आहे. उदगीरला मोंढ्यात माझ्या वडिलांचं आडत दुकान. सगळा जन्म तुरी-हरभऱ्यात गेलेला, त्यामुळं काच म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांपुढं आरसे, बांगड्या आणि चष्मे एवढंच आलं. जावई काचेचा धंदा करतात असं ते सगळ्या मोंढ्याला सांगत सुटले. आईनं तर मावश्यांना बजावून ठेवलं की रुखवतात काचेचं काही आणू नका, त्यांच्या घरी ढिगानं असेल.

भूकंपाला तेव्हा दीड-दोन वर्षं झाली होती. लातुरात ज्यांची घरं उभी राहिली होती, तेसुद्धा स्लॅबकडं संशयानं बघत. माझ्या सासूबाई स्लॅबखाली स्वयंपाक करत, पण बसायला-निजायला तयार नसत. म्हणून नवऱ्यानं अंगणात लोखंडी अँगल रोवून वर हिरव्या फायबरचे पत्रे टाकले होते आणि त्यांना खोली करून दिली होती. हे पत्रे उजेड आत सोडतात, पण हिरवा करून. वडील घर बघायला गेले तेव्हा बैठक त्याच खोलीत झाली. परत आल्यावर ते आईला म्हणाले की घर चांगलं आहे, माणसं बोलायला चांगली आहेत, मुलगा उंच आहे, पण सगळ्यांना जुनाट पित्ताचा त्रास असावा, पोहेसुद्धा मला हिरवे दिसले. पुढच्या खेपेला मुलगा त्यांना फाटकापाशी उन्हात दिसला, तेव्हा कुठं त्यांनी होकार कळवला.

लग्नानंतर चौथ्या दिवशी मी घरामागची शेड बघायला गेले. आत एक मोठं पिंप, ब्रश, रोलर, कात्री आणि पांढऱ्या गाद्यांसारख्या गुंडाळ्या. मी नवऱ्याला विचारलं, काच कुठंय? तो त्या गुंडाळीवर हात ठेवून म्हणाला, हीच की. काच वितळवून केसाहून बारीक धागे ओढतात, त्याची ही मॅट. साच्यावर मॅट अंथरायची, वरून हार्डनर मिसळलेलं डिंकासारखं रेझिन ब्रशनं मुरवायचं, रोलरनं बुडबुडे काढायचे, आणि तासा-दोन तासांत दगडासारखं घट्ट. मग ते गंजत नाही, कुजत नाही, वाळवी खात नाही, पाणी पीत नाही. एकटी काच फुटते, एकटं रेझिन तडकतं, पण दोन्ही मिळाली की हातोडा मारला तरी हातोडाच मागं येतो. तुझ्या-माझ्यासारखं, असं तो म्हणाला. मला ते फार आवडलं आणि मी मॅटवरून हात फिरवला. तो म्हणाला, हात लावू नको, आणि तोवर उशीर झाला होता.

ज्यांनी ही खाज अनुभवली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. दिसत काही नाही, पुरळ नाही, सूज नाही, नुसती कुणीतरी आतून सुई टोचून राहिल्यासारखी खाज. त्यात मी नवऱ्याचे कामाचे कपडे माझ्या साड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवले. मग जे नेसेन ते टोचे. उंबरठा ओलांडताना, पाहुण्यांच्या पाया पडताना, देवापुढं हात जोडताना मी खाजवत असे. मांडवपरतणीला न्यायला आई आली, तिनं मला बघितलं आणि सासूबाईंना काही न बोलता मला थेट उदगीरला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी मलम दिलं. मलमानं धागे कातडीत आणखी चांगले बसले.

परत आल्यावर मला बरं केलं ते चाचांनी. चाचा नवऱ्याचे कारागीर. मूळचे नांदेडचे, तीन पिढ्या ट्रक रंगवणारं घराणं, आणि फायबरचं काम लातुरात त्यांच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. त्यांनी सांगितलं की गरम पाण्यानं अंघोळ बंद कर, त्यानं कातडीची भोकं उघडतात. थंड पाणी घे, चोळू नको, आणि आधी चिकटपट्टी लावून ओढ. मी सबंध दुपार दोन्ही हातांवर चिकटपट्ट्या लावून ओढत बसले. सासूबाई दारातून बघत होत्या. त्यांनी शेजारणीला सांगितलं की सुनेला माहेरची आठवण येऊन राहिलीय, त्याचं असं होतंय.

त्या काळात खप होता तो पत्र्यांचा, पाण्याच्या टाक्यांचा आणि न्हाणीच्या दारांचा. पुनर्वसनाची नवी गावं वसत होती आणि तिथले लोक आमच्या मालाबद्दल एकच प्रश्न विचारत: अंगावर पडलं तर? दगड-मातीच्या भिंती अंगावर आलेल्या पाहिलेली माणसं ती. त्यांच्या त्या प्रश्नावर कुणी हसत नसे, माझा नवरासुद्धा नाही. तो सरळ जमिनीवर मांडी घालून बसायचा आणि चाचांना डोक्यावर दार सोडायला सांगायचा. फायबरचं दार टप्पकन वाजून बाजूला पडायचं, नवरा उठून केस झटकायचा आणि लोक दाराला हात लावून बघायचे. एका गावात चाचांनी चुकून शेजारी टेकवून ठेवलेलं लाकडी दार उचललं. दोन्हींचा रंग एकच गुलाबी होता. नवऱ्याला आठवडाभर टेंगूळ होतं. मी चाचांना विचारलं की वजन लागलं नाही का हाताला. ते शांतपणे म्हणाले, “लगा ना बेटी. उठाया तबीच समझा. पर तब तक हाथ से छूट गया था.” त्या गावानं मात्र सगळी दारं आमच्याकडूनच घेतली. फरक त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता.

पुढं हळूहळू लातूर शिकवणीचं गाव झालं. ज्या गल्लीत पूर्वी भुसाराची दुकानं होती तिथं तिन्ही मजल्यांवर क्लास आले. लोह्याहून, देगलूरहून, पार कुठून कुठून मुलं पेट्या घेऊन उतरायला लागली. प्रत्येक क्लासला पाटी हवी होती, आणि पाटीवर पाट्या इतक्या झाल्या की पाटी दिसेना. तेव्हा जीवशास्त्र शिकवणारे एक सर आमच्याकडं आले. बारीक अंगाचे, शर्टाच्या खिशात तीन रंगांचे खडू. त्यांना गच्चीवर बसवायला सहा फुटांचा माणसाचा मेंदू हवा होता. स्टँडवर उतरलेल्या पालकाला लांबूनच कळलं पाहिजे, असं ते म्हणाले. नवऱ्यानं होकार दिला. तो कशालाही नाही म्हणत नसे.

नमुना म्हणून सरांनी पुस्तकातलं चित्र दिलं. त्यात मेंदू एकाच बाजूनं दिसत होता. मागून कसा असतो, वरून कसा असतो, हे नवऱ्यानं विचारलं तेव्हा सर म्हणाले की तसाच असतो, आणि घाईत निघून गेले, कारण प्रवेश सुरू व्हायचे होते. मी, नवरा आणि चाचा त्या चित्राभोवती बसलो. चित्र उलटं धरून बघितलं. शेवटी चाचा म्हणाले की मेंदू त्यांनी लहानपणापासून बघितलाय, दर ईदेला बघितलाय. “भेजा तो भेजाच होता. छोटा क्या, बडा क्या.” दुसऱ्या दिवशी ते आपल्या जेवणाच्या डब्यात बकऱ्याचा एक अख्खा भेजा घेऊन आले.

आमचं घर कडक शाकाहारी. डबा शेडमध्येच राहील, घरात येणार नाही, असं ठरलं. पण तिसऱ्या प्रहरी सासूबाई ताक घेऊन शेडमध्ये आल्या आणि त्यांनी तो डबा उघडा पाहिला. हे काय म्हणून त्यांनी विचारलं. नवऱ्याच्या तोंडून निघून गेलं की परदेशी फ्लॉवर आहे. सासूबाईंनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “लई कवळा हाय. आजच चिरून टाका, उद्या नासल.” त्या आत गेल्या, मग चाचा बाहेर जाऊन बराच वेळ खोकत राहिले.

उद्या तो खरंच नासायला लागला असता, म्हणून आम्ही दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकलं. बांबूच्या सांगाड्यावर गोणपाट बांधलं, वर शाडू लिंपला, आणि चाचांनी चमच्याच्या दांड्यानं एकेक वळी कोरली. मीही एक बाजू कोरली. सासरी रेझिन, हार्डनर आणि खाजेशी माझी आता चांगली ओळख झाली होती. सर मातीचा नमुना बघायला आले. त्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, चष्मा काढून पुन्हा एक फेरी मारली, आणि वळ्या फार जिवंत आल्यात म्हणाले. चाचांनी मान लववली. मग पीओपीचा चार तुकड्यांचा साचा, त्यावर मेणाचा हात, मग वरच्या चकचकीत कातडीसाठी रंगीत जेलकोट, मग मॅटचे तीन थर. एप्रिलचं ऊन असलं की रेझिन विचार करायला वेळ देत नाही. एकदा नवऱ्याच्या हातून हार्डनर जास्त पडलं आणि मग्यातल्या मग्यात रेझिनला धूर सुटून त्याचा दगड झाला. आत ब्रश होता, ब्रशला नवऱ्याचा हातमोजा चिकटलेला होता. फायबरचं एक आहे, एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. मोजा कापून हात सोडवावा लागला.

गुलाबी मेंदू चौघांनी सहज उचलून तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर नेला. एवढा मोठा असून वजन आमच्या घरच्या भरल्या पिंपापेक्षा कमी. नवऱ्यानं तो लोखंडी चौकटीवर ठेवून चार बोल्ट मारले. चाचा आठ म्हणत होते, पण नवरा म्हणाला की एवढ्या हलक्या वस्तूला कशाला. हलकी म्हणूनच, असं चाचा म्हणाले, पण ते त्यांनी स्वतःशीच म्हटलं.

मेंदू फार चालला. रिक्षावाले ‘मेंदूपाशी’ असं ठिकाण विचारायला लागले. परीक्षेच्या दिवशी मुलं रस्त्यातून त्याला हात जोडून जात. कुणीतरी खाली नारळ फोडायला सुरुवात केली, तेव्हा सरांनी शिपायाला सांगून ते बंद करवलं, पण नारळ आत नेऊन खाल्ले.

दुसऱ्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी जोराचं वादळ आलं. आमच्या अंगणातले पत्रे थडथडत होते आणि सासूबाई घरात, स्लॅबखाली येऊन बसल्या होत्या, यावरून वाऱ्याची कल्पना यावी. वारा पडल्यावर फोन वाजला. तो सासूबाईंनी घेतला, ऐकून घेतला, ठेवला, आणि नवऱ्याला म्हणाल्या, “कुणीतरी म्हणून राहिलंय, तुमचा मेंदू चौकात पडलाय.” त्यांच्या आवाजात नवल अजिबात नव्हतं.

आम्ही स्कूटरवर गेलो. मेंदू खालून पोकळ, वारा आत शिरला आणि छत्रीसारखा त्यानं तो उचलला. चारही बोल्ट उपसून आले. तीन मजले खाली पडून मेंदू उसळला, रिकाम्या गल्लीतून गडगडत गेला आणि चौकातल्या रसवंतीच्या चरकाला टेकून थांबला. वादळामुळं सगळी माणसं आडोशाला गेली होती म्हणून कुणाला धक्कासुद्धा लागला नाही. हे आधी चौघांना विचारून मग माझा नवरा खाली बसला आणि घाम पुसला. असा त्याचा चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही. वाहतुकीचा हवालदार गाड्या मेंदूला वळसा घालून सोडत होता. हे कुणाचं म्हणून त्यानं विचारलं. नवरा म्हणाला, सरांचा आहे. हवालदारानं वहीत काय लिहायचं ते ठरेना, म्हणून त्यानं वही मिटली आणि लवकर उचला म्हणाला.

मेंदूला एका कडेला वीतभर तडा आणि थोडे ओरखडे, बाकी काही नाही. आम्ही तो टेम्पोत घालून शेडमध्ये आणला. दुसऱ्याच दिवशी माझा चुलतभाऊ उदगीरहून आंब्याची पेटी घेऊन आला. तो तिथल्या पशुवैद्यकीय कॉलेजात शेवटच्या वर्षाला होता. गच्चीवरचा मेंदू त्यानं रस्त्यावरून बघितला होता, जवळून पहिल्यांदाच बघत होता. आंबा खात खात त्यानं मेंदूभोवती फेरी मारली. मग चावायचा थांबला.

“ताई,” तो म्हणाला, “हा शेळीचा हाय.”

मी म्हटलं, हळू बोल. त्यानं आंब्याच्या कोयीनं दाखवलं. पुढं हे दोन गोळे निघालेत ते वास घ्यायचे, शेळीचे असे मोठे असतात, माणसाचे दिसतसुद्धा नाहीत. आणि मागचा हा लहान मेंदू उघडा पडलाय, माणसात तो वरच्या मोठ्या मेंदूखाली झाकलेला असतो. मग तो म्हणाला की शेळीचा म्हणून मात्र फार सुरेख आहे, आमच्या कॉलेजात असा नाही.

नवरा म्हणाला की जसा आहे तसा दुरुस्त करून बसवू, वर्षभर कुणाला कळलं नाही. चाचा ओट्यावर जाऊन बसले आणि हातातल्या ब्रशचे केस मोजल्यासारखे बघत राहिले. चाळीस वर्षांत त्यांनी चुकीचं काही रंगवलेलं नव्हतं. त्यांच्याकडं बघून मला राहवेना. मी पदर खोचला आणि एकटीच सरांकडं गेले.

क्लासच्या दारात सरांनी एक पाटी लावली होती, पालकांचा गैरसमज होऊ नये म्हणून: ‘मेंदू दुरुस्तीसाठी नेला आहे. वर्ग नियमित चालू आहेत.’ मी आत जाऊन खुर्चीवर बसले आणि जे होतं ते सांगितलं. डबा, ईद, फ्लॉवर, चुलतभाऊ, सगळं. सर खडू बोटांत फिरवत ऐकत होते. मला वाटलं आता काही खरं नाही. खडू टेबलावर ठेवून ते म्हणाले, “वहिनी, मी चार फेऱ्या मारल्या होत्या त्याला.”

मी म्हटलं, हो.

“जीवशास्त्राचा माणूस मी.”

मी पुन्हा हो म्हटलं. मग त्यांनी उठून दार लावलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं रडतायत. ते हसत होते, आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात रुमाल धरला होता. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं की हे कुणाकुणाला माहीत आहे. समोरच्या क्लासला कळलं तर मला उदगीरला शेळ्या राखाव्या लागतील, असं ते म्हणाले. आणि मग, हा माणसाचा करता येईल का?

फायबरची हीच तर गंमत आहे. जुना थर घासून खरबरीत केला की त्यावर नवा थर बसतो, आणि सुकल्यावर सांधा शोधून सापडत नाही. सरांनी एका ओळखीच्या डॉक्टरांकडून प्लास्टिकचा छोटा मेंदू मागून आणला, सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येणारा. चाचांनी तो तळहातावर घेऊन पाच-सहा वेळा फिरवला आणि एकच म्हणाले, “अब आया समझ में.” पुढचे दोन गोळे त्यांनी करवतीनं स्वतः कापले. कपाळाकडचा भाग आम्ही चांगला फूटभर वाढवला, मागचा मेंदू झाकून टाकला, वळ्या दुपटीनं केल्या. तोंडावर फडकं बांधून घासताना आम्ही तिघंही पांढरे झालो. चाचांनी पाच दिवस जेवायलासुद्धा सुट्टी घेतली नाही. दुपारचा चहा सासूबाई शेडमध्ये आणून देत. रोज वाढत चाललेल्या मेंदूकडं बघून त्या चाचांना म्हणाल्या की थोडा आमच्या पोराच्याबी डोक्यात बसवा.

ह्या वेळी बारा बोल्ट लागले, खालून पोकळीला बूड लागलं, आणि वारा कुठं शिरतो ते चाचांनी चारही बाजूंनी हात लावून तपासलं. बसवायच्या दिवशी गल्लीत गर्दी होती. मेंदू दोरानं वर चढत होता आणि मुलं टाळ्या वाजवत होती. कुणी म्हणालं की पूर्वीपेक्षा मोठा दिसतोय. सर खाली उभे होते. ते गंभीरपणे म्हणाले की वर्षभर अभ्यास केल्यावर वाढतोच.

माझ्या शेजारी देगलूरकडचे एक शेतकरी उभे होते. डोक्याला टॉवेल, बाजूला दोन वेण्या घातलेली मुलगी, पायाशी पत्र्याची पेटी. हे आम्ही केलंय असं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. त्यांनी मला विचारलं, “बाई, आतून पोकळ हाय का?”

मी म्हटलं, पोकळच आहे मामा, भरीव केला असता तर वर गेला नसता.

त्यांनी त्यावर थोडा विचार केला. “मंग बरंय,” ते मुलीला म्हणाले, “जागा हाय.” आणि पेटी उचलून तिला घेऊन आत नाव घालायला गेले.